कोल्हापूरच्या फोनात गेलेली पेनल्टी

नाही म्हणजे नाही, मले ताप नाही, हे मी गुरुवारी आमच्या सुनेले तीनदा सांगितलं... पण ऐकते कोण? माणूस चार दिवस गप्प बसलं तर घरचे थर्मामीटर घेऊन मागं लागतात काय, तुम्हीच सांगा. हर्षानं तर सरळ माझ्या काखेत खुपसला, अन् म्हणते कशी, "आई, सोमवारपासून तुम्ही कोणाले शिवी नाही दिली, माझा तर जीव घाबरून राहिला." घ्या. एकाहत्तर वर्षं बोलत आली तर मोहल्ला म्हणे कौशल्याबाईच्या तोंडी लागू नका, अन् चार दिवस तोंड मिटलं तर म्हणे डॉक्टर बोलवा. आता तिले कसं सांगणार होती की मी काहून गप्प होती? बोलली म्हणून गप्प होती ना. अन् तुम्हाले सांगते, खोटं तर मी बोललीच नाही. खोटं बोलली असती तर ते चार दिवस सुखानं जेवली असती.

तर आमच्या मोहल्ल्याची फुटबॉलची टीम आहे, लाकडीपूल इलेव्हन. शाळेमागचं मैदान अन् आमची गच्ची समोरासमोर. शाळा मी दुसरीत सोडली, वाचाले शिकली ती पुढं पेपरातल्या खेळाच्या पानावर अक्षरं लावून लावून, अन् ऑफसाईड म्हणजे काय ते मले कोण्या मास्तरनं नाही शिकवलं. मी पापड वाळवता वाळवता शिकली. एक डोळा कावळ्यावर, एक डोळा मैदानावर... चाळीस वर्षांत कावळ्यानं पापड नेले असतील, पण गोल माझ्या नजरेतून सुटला नाही. रेफ्री चुकला तर मी गच्चीवरूनच सांगते. एकदा तर तो म्हणे, "आजीबाई, खाली या अन् शिट्टी तुम्हीच घ्या." म्हटलं, आण इकडं.

अन् यंदा, अडतीस वर्षांत पहिल्यांदा, आमची टीम राज्याच्या मोठ्या लीगच्या उंबरठ्यावर उभी आहे. दोन मॅचेस. एक इथं आपल्या मैदानावर, ती झाली मागच्या रविवारी, एक-एक बरोबरीत. दुसरी या रविवारी, कोल्हापुरात, त्यांच्या सासनकाठी तालमीच्या मैदानावर, तिकडं फुटबॉलच्या टीमलेही तालीमच म्हणते. जो जिंकन तो वर जाईन. पुन्हा बरोबरी झाली तर पेनल्टी. अन् पेनल्टी म्हटलं की आमचा गोलकीपर ऋषी.

ऋषी काही माझ्या पोटचा नातू नाही. मागच्या गल्लीतला पोट्टा, माय कामावर जाये तेव्हा माझ्याच घरी जेवून मोठा झाला. आता सव्वीस वर्षांचा आहे, बुटीबोरीले सुताच्या मिलमध्ये कामाले जाते, शिफ्ट संपली की मैदानावर. दोन वर्षांआधी असंच झालं होतं, परगावची मॅच, पेनल्ट्या, अन् शेवटची त्याच्या बोटाले लागून आत गेली. आठ दिवस पोट्टा घराबाहेर नाही निघाला. मी डब्बा घेऊन जाये, तो दार हातभर उघडे, डब्बा घे, अन् लावून घे. तेव्हापासून मी त्याले असा निरखून पाहतो... म्हणजे पाहते, त्या कोल्हापूरवालीचं ऐकून ऐकून माझीही जीभ वळली. ती बाईमाणूस असून "मी आलो, मी जेवलो" म्हणते. तिच्यावर येतेच मी.

तर निरखून पाहता पाहता मले एक गोष्ट दिसली. पेनल्टीच्या आधी ऋषी दातानं ग्लोव्हची पट्टी ओढून घट्ट करते. ज्या हाताची पट्टी ओढली, त्याच बाजूले उडी मारते. उजव्या हाताची ओढली की उजवीकडं, डाव्याची ओढली की डावीकडं. दरवेळेस. कोचले माहीत नाही, कॅप्टनले माहीत नाही, चाळीस वर्षांच्या पापडांतून फक्त मले दिसलं. अन् दोन वर्षं मी ते पोटात ठेवलं. मी! मोहल्ल्यात कोणाची सून रुसली तर ते मी पाच मिनिटं पोटात ठेवू शकत नाही, अन् हे मी दोन वर्षं ठेवलं.

अन् मग त्या मॅचच्या रविवारी संध्याकाळी विहीणबाईचा फोन आला.

माझी मयुरा कोल्हापुरात दिली आहे. विहीणबाई तशा सोन्यासारख्या, पण मुलीच्या मायनं विहिणीपुढं नरमाईनं बोलावं हे जे आपल्याकडचं आहे ना, ते माझ्याच्यानं लग्नातही झालं नाही, तर आता काय होईन? फोन उचलला तर म्हणे, "काय वो विहीणबाई, वाचला की आज. आमची पोरं प्रवासानं दमल्याली, न्हाईतर चार गोल हाणलं असतं." मी गिळलं. म्हणे, "तुमचा गोलकीपर लई बारीक हाय वो. पेनल्टीला आमची पोरं जाळं फाडतील." तेही गिळलं, तुम्हाले सांगते, पाण्याशिवाय गिळलं. पण मग म्हणते कशी, "जाऊ द्या वो, आपल्या बायकांना काय कळतंय फुटबॉलातलं. आपण आपला जर्सीचा रंग बघायचा."

आपल्या बायकांना! मले मोजलं तिनं त्यात. जर्सीचा रंग पाहणारी मी?

म्हटलं, ऐका विहीणबाई. तुमचा नऊ नंबरवाला डाव्या पायाचा आहे अन् उजवा पाय त्याले फक्त उभं राहाले दिला आहे. तुमचा बॅक कॉर्नरच्या वेळेस बॉल नाही पाहत, माणूस पाहते. ती म्हणे, "ते तर आमच्यातनी शेंबडं पोरगं पण सांगतंय." झालं. डोक्यात असं खदखदलं माझ्या... म्हटलं, मग हे शेंबड्या पोराले विचारा. अन् सांगितली पट्टी. दात कसा लावते, कोणता हात, कोणती बाजू, सगळं. वरून समजावून सांगितलं की त्याचा उजवा म्हणजे मारणाऱ्याचा डावा, तिथं गडबड करू नका.

मले वाटलं, हारली. मग हळूच म्हणते, "असं व्हय... बरं झालं सांगितलासा. थांबा हं, दूध उतू चाललंय." अन् फोन बंद.

दोन मिनिटं मी जिंकल्याच्या तोऱ्यात बसली. तिसऱ्या मिनिटाले मले आठवलं की विहीणबाईच्या सख्ख्या भावाचा पोरगा सासनकाठी तालमीचा कॅप्टन आहे, अन् पहिली पेनल्टी तोच मारते.

अन् खोटं तर मी बोललीच नाही.

सोमवारपासून घास उतरेना. खाली गोलूच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर सकाळी सगळी मंडळी जमते, मी रोज गच्चीतून भाग घेते. आता गच्चीच्या कठड्याआड बसून ऐकू लागली, चोरासारखी. महादेवराव, म्हणजे आमच्या टीमचे जुने कॅप्टन, ते पोह्यावर तर्री ओतून घेत म्हणून राहिले, "गोलू, कोल्हापूरचं मैदान लय टणक आहे गा, पडला की कोपर सोलते." गोलू म्हणे, "मैदानाचं सोडा काका, तिथले लोक. चारी बाजूनं शिट्ट्या. मागं एका मॅचचा रेफ्रीच बहिरा होऊन आला म्हणते." कोणी म्हणे पांढऱ्या रश्श्यानं पोट बिघडन, कोणी म्हणे तांबड्यानं. अन् सगळ्या चिंता झाल्यावर महादेवराव एक मोठा श्वास घेत, अन् म्हणत, "काही असो. मॅच पेनल्टीवर गेली तर आपलीच आहे. ऋषीचे हात आहेत ना." अन् सारा ठेला म्हणे, "हाव ना, ऋषीचे हात आहेत ना."

ते ऐकलं की मी माझे हात पदरात लपवू. काहून, माहीत नाही.

मंगळवारी महादेवराव वर आले. "कौशल्याबाई, अंदाज सांगा. तुमचा अंदाज चुकत नाही." म्हटलं, मले काय कळते फुटबॉलातलं. ते जिन्यातच खाली बसले. म्हणे, "इतकी वाईट परिस्थिती आहे काय आपली?" अन् संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात झालं की कौशल्याबाईनं हात टेकले. दोघांनी गाडीची तिकिटं परत करतो म्हटलं. आता बोलली तर पाप, न बोलली तर महापाप.

तरी मी मनाले समजावलं. विहीणबाईनं सांगितलंच कशावरून? दूध खरंच उतू गेलं असन. मॅच नव्वद मिनिटांतच निपटन. देवाले म्हटलं, बाप्पा, एक गोल दे, घाणेरडा दे, ढुंगणाले लागून जाऊ दे, पण पेनल्टी नको देऊ.

शुक्रवारी सकाळी टीम निघाली. आमच्याकडं रिवाज आहे. परगावची मॅच असली की आधी टेकडीच्या गणपतीले बॉल टेकवायचा, अन् मग स्टेशनवर मोहल्ल्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं गोलकीपरच्या ग्लोव्हजले हळद लावायची. पहिले ते काम कोणी दुसरी करे, गेली अकरा वर्षं मी करते, कारण माझ्याहून म्हाताऱ्या सगळ्या गेल्या. प्लॅटफॉर्मवर गाडी उभी, अर्धा मोहल्ला पोहोचवाले आला, अन् ऋषीनं दोन्ही हात असे पुढं केले, लहानपणी वरणभातासाठी करे तसे. मी हळदीचं बोट उचललं, अन् माझ्यापुढं काय? ती पट्टी. दाताचे बारीक बारीक वळ तिच्यावर.

तुम्हाले सांगते, माझ्याच्यानं बोट टेकवलं गेलं नाही.

म्हटलं, "ऋषी, बाबू, मी तुले विकलं."

तो हसला. म्हणे, "कोणाले वं आजी? भाव काय आला?" म्हटलं, हसू नको. अन् सगळं सांगितलं, एका श्वासात. तो रागावन, हात झटकन, मले तेच पाहिजे होतं. तर त्यानं काय केलं? हात उलटेसुलटे करून पाहू लागला. म्हणे, "मी असं करतो?"

त्यालेच माहीत नव्हतं, हो! मी समजत होती पोट्ट्याचं गुपित फोडलं, इथं गुपित त्याचं नव्हतंच, माझंच होतं. आता तो पट्टी पाहे, दात लावे, सोडे, पुन्हा लावे... गोमीले तिचे पाय दाखवावे तसं झालं. गार्डनं शिट्टी दिली तरी पट्टीच पाहून राहिला. मग डब्याच्या दारात उभा राहून म्हणे, "आजी, रडू नको. मी उलटं करतो. डाव्याची ओढतो, उजवीकडं उडतो. तुह्यामुळं तर फायदाच झाला." अन् माझं बोट धरून त्यानंच हळद लावून घेतली.

काय सांगू, घरी आली ती उडत आली. हर्षाले दोन शिव्या दिल्या, ती रडाचीच राहिली आनंदानं. भाकरी खाल्ली, ठेच्यासंगं. अन् दुपारी फोन वाजला.

विहीणबाई. आवाज अगदी पडलेला. म्हणे, "विहीणबाई, माझ्या हातनं चूक झाली वो. मी भाच्याला सांगून बसलो. तवापासनं घास ग्वाड लागंना. कुणाच्या लेकराचं वाटोळं करून जिंकायचं व्हय? तुमी माझ्यावर इस्वास टाकला..." अन् हुंदका. आता समोरची रडून राहिली अन् मी भाकरी खाऊन बसली आहे, माणुसकी म्हणून काही आहे की नाही? मलेही भरून आलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यापुढं नरमली होती. म्हटलं, "विहीणबाई, डोळे पुसा. काही जिवाले लावून घेऊ नका. मी ऋषीले स्टेशनवर सगळं सांगून आली. आता तो उलटं करते. डाव्याची ओढन अन् उजवीकडं उडन."

तिकडं हुंदका थांबला.

अन् तिच्या मागून एका जवान माणसाचा आवाज आला, "आत्ती, काय म्हणाल्या? उलटं?"

स्पीकर चालू होता.

त्या बिचारीनं मुद्दाम नव्हता केला, तिले कानानं कमी ऐकू येते, तिचा फोन नेहमीच स्पीकरवर असते, हे मले पंधरा वर्षांपासून माहीत आहे. अन् खोटं... हाव, तेव्हाही नाही बोलली.

मग लावला ऋषीले. लागेना. बडनेऱ्यापर्यंत लागेना, अकोल्याले लागला, दोन शब्दांत तुटला. शेगावच्या पुढं कुठं तरी लागला. सांगितलं. गाडीचा खडखडाट, अन् त्याच्या बाजूले महादेवरावचा आवाज, "काय म्हणते, काय म्हणते? सगळ्यायले ऐकू दे." म्हणजे त्यानंही स्पीकर लावला. आता सारी टीम, सारा डबा, कोच, कॅप्टन, चणे विकणारा, सगळे कान लावून. अन् ऋषी एकदम लहान आवाजात म्हणे, "आजी, मग आता तूच सांग. त्यायले उलटं माहीत आहे. मी उलट्याचं उलटं केलं तर ते समजतीन. मी कोणत्या बाजूले उडू?"

चाळीस वर्षं. गच्ची, पापड, कावळे, ऑफसाईड, सारं डोळ्यांपुढून गेलं. सारा डबा श्वास रोखून बसला होता, मले ऐकू येत होतं. म्हटलं, "बाबू, बॉल ज्या बाजूले येईन, त्या बाजूले उडजो."

मग महादेवराव हळूच म्हणाले, "बरोबर आहे."

आता हे कोल्हापूरले कळलं तरी चालते.