केइकोकाकूंचा डबा

जपानी शेजारणीचा डबा कधी भरून परत करू नका, यार. आमच्या आईने केला.

आई पुण्याहून अमेरिकेत, नोव्हायला माझ्याकडे आली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "बोलायला माणूस नाही रे इथे. मी काही पुन्हा यायची नाही." तेवढ्यात शेजारच्या केइकोकाकू डबाभर मोची घेऊन आल्या, म्हणजे तांदळाची मऊ मिठाई. आता आई रिकामा डबा कसा परत देणार? तिने बेसनाचे लाडू भरून दिले.

झालं! जपानी लोकांतही भेट आली की उलट भेट द्यावीच लागते. दुसऱ्या दिवशी डबा परत हजर, आत तिळाची बिस्किटं. इकडून चकल्या गेल्या. तिकडून रताळी आली. शेवटी मी केइकोकाकूंना म्हटलं, "प्लीज, आता पुरे."

त्या घाबरून म्हणाल्या, "नो, नो! व्हेरी रूड!"

"काय म्हणतेय?" आईने विचारलं.

"थांबणं बरं दिसत नाही म्हणे."

"बघ! वळण आहे हो पोरीला."

आईच्या फ्लाइटच्या दिवशीही केइकोकाकू भरलेला डबा घेऊन दारात उभ्या! म्हटलं, आता आई हरली.

ती घरी पोचल्यावर मी फोन केला. "आई, काकूंचा डबा सापडत नाहीये."

"माझ्याकडे आहे."

"अगं, परत नाही का करायचा?"

"रिकामा?" आई म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्यात भरून आणते. तू तिकिटाचं बघ."