जिथली शिंपली तिथेच

ओहोटी लागलीय, आणि तुम्ही आम्हाला खुर्च्यांवर बसवून ठेवलंय. समारंभाची वेळ ठरवताना कुणी पाण्याकडे बघितलं नाही का? आम्ही शिंपल्या काढणाऱ्या बाया. चिखल उघडा पडतो तो चार तास, त्यातला एक चौघा वक्त्यांनी खाल्ला.

असो. सभेचे अध्यक्ष आणि आमच्या संघाचे प्रमुख डॉन एलिएसेर, मंचावरचे पाहुणे, नव्या इंजिनियर बाई, राजधानीत, कितोला बदली झालेला आमचा इंजिनियर फाउस्तो आणि दाराकडे सरकत चाललेल्या माझ्या सख्यांनो, सगळ्यांना नमस्कार.

फाउस्तो पहिल्यांदा तिवरांत उतरला तो मांडीपर्यंत रुतला. आमच्यातली निन्फा म्हणाली, "साहेब, मोजायला आलात की स्वतःला पुरून घ्यायला?" तरी दुसऱ्या दिवशी परत आला. याचं मला कौतुक आहे.

त्यानं नियम घातला: साडेचार सेंटिमीटरहून लहान शिंपली परत टाकायची, म्हणजे पुढल्या वर्षी मोठी मिळेल. आम्ही मान डोलावली. पण डासांच्या घोंगावण्यात मोजत कोण बसणार? आम्ही टोपल्या थेट धक्क्यावर आणायचो, सावलीत निवडायचो आणि बारक्या तिथेच खाली ओतायचो. चूक आमची. धक्क्याखाली नुसती वाळू, तिवराचं एक मूळ नाही. महिन्याभरात ढीग मेला, घाण सुटली.

त्या वासावरून यानं अहवाल धाडला: बायांना नियम पाळता येत नाही, खाडी त्यांच्याकडून काढून घ्यावी. कोळंबीच्या तळ्यांचे मालक खाडी गिळायची वाटच बघत होते!

मी याला हाताला धरून चिखलात नेलं. म्हटलं, "घाल हात मुळाशी. ही इथं वाढते. जिथून उचलली तिथंच खोचायची. तुमच्या पुस्तकात नाही का हे?"

"आहे, आजी," म्हणाला. "मीच सांगायला विसरलो."

तेव्हापासून आम्ही जागच्या जागी निवडतो. डास चावू देत. दोन वर्षांत शिंपल्या दुपटीनं वाढल्या. मोजल्या कुणी? यानंच. नवा अहवालही यानंच लिहिला.

पण कचेरीत कुठला पोचलाय? पहिला. दुसरा याच्या पिशवीत आहे, सहीवाचून. काल विचारलं तर म्हणतो, "कितोहून पाठवतो, आजी." आणि खाडी कुणाची, हे सोमवारी ठरणार. अठरा घरांची चूल त्या खाडीवर आहे. कितो इथून किती लांब, ते मला शिकवू नका.

नारळातला खेकडा रांधणाऱ्या पोरींचे आभार. माझ्या बोलण्यानं कुणी दुखावलं असेल तर पोटात घाला. शाळा दोनच वर्षं झाली, गोड बोलायचा धडा तिसरीत असावा.

डॉन एलिएसेर, घसा खाकरू नका. नव्या बाई, तुम्हीही बसा. सही आज की नाही, याचं उत्तर फाउस्तोनं द्यायचं. उभं राहून, आत्ता.