टेस्ट म्हणजे वाटी

ताई : दगडावर घासून नका सांगू. वर सोन्याचा थर असला की दगडावर सोनंच उमटणार. कापा, आणि आत काय आहे ते बघा. इथेच, माझ्यासमोर. आत घेऊन जायचं नाही.

भाऊ : अगं ताई, आईची बांगडी आहे ती!

ताई : आईचीच आहे का, तेच तर बघायचंय. तिच्या आजारपणात कपाटाची किल्ली कुणाकडे होती? तुझ्या बायकोकडे. आणि आता माझ्या वाट्याला आलेली बांगडी हाताला अशी हलकी लागते!

सोनार : बहीण-भावाचं आधी एकदा ठरू द्या. कापलं की कापलं.

भाऊ : कापा हो. होऊन जाऊ दे एकदाची टेस्ट.

सोनार : नखाएवढा तुकडा पुरे. शिशाबरोबर या राखेच्या वाटीत तापवायचा. तांबं, शिसं सगळं वाटी पिऊन टाकते. चांगलं तेवढं मणी होऊन वर राहतं.

भाऊ : गंमत बघ, ताई. टेस्ट म्हणजे मुळात ही वाटीच. धातूचा कस बघायचं भांडं. माणसांना त्यात घालायला लोक नंतर शिकले.

ताई : तुझं इंग्रजी वर्गात शिकव. आणि मला बोलण्यात गुंतवू नकोस, माझं लक्ष आहे त्या वाटीकडे.

भाऊ : खोटी निघाली तर?

ताई : तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही.

भाऊ : आणि खरी निघाली तर?

ताई : बघू.

(भट्टीतून काढलेली वाटी गार होते. सोनार मणी तोलतो.)

सोनार : तुकड्याच्या मानाने मण्याचं वजन बरोबर उतरलं. अस्सल आहे.

ताई : मग हलकी का?

सोनार : झिजलीय हो. ही कड बघा, किती पातळ झालीय. हातातून न काढताच भांडी घासत असणार त्या.

ताई : कधी काढायची नाही. मी किती ओरडायचे तिच्यावर! अरे देवा, काय करून बसले मी हे... ऐक ना, तुझ्या बायकोला यातलं काही कळू देऊ नकोस. माझी शपथ आहे तुला.

भाऊ : तिनंच पाठवलंय मला. म्हणाली, ताई सोनाराकडे जातीलच, त्यांना एकटं जाऊ देऊ नकोस.