एक सकाळी, एक संध्याकाळी

औषधाच्या दुकानापुढच्या रांगेत एक सून औषधवाल्याशी भांडत होती. तिच्या मागेच निवृत्त शिक्षिकाबाई उभ्या होत्या.

“महिनाभर माझे सासरे दम्याच्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतायत!”

“अहो, त्या यंत्रात घालून श्वासाने ओढायच्या असतात.”

“हे आज सांगताय? तेव्हा नुसतं म्हणालात, ‘एक सकाळी, एक संध्याकाळी घ्या.’ घेतल्या त्यांनी!”

“सोबत यंत्र दिलं होतं ना?”

“त्यांना वाटलं, पाकिटावर भेट मिळाली. कपाटात जपून ठेवलंय! धाप लागली की विचारतात, सूनबाई, दोन गिळू का?”

“बाई, मागे लोक खोळंबलेत. पुढचे कोण?”

शिक्षिकाबाईंनी चिठ्ठी दिली. औषधवाल्याने पाकीट पुढे टाकलं.

“एक सकाळी, एक संध्याकाळी घ्या.”

बाईंनी पाकिटाला हात लावला नाही.

“घ्यायची कशी? मोठ्याने सांग. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”