नवरीच्या गाडीची उंची

“हॅलो?… हाव, बोल अल्का. जय भीम, जय भीम… नाही वं, झोपलो नाही, गाडीखाली आहो. म्हणून आवाज असा येऊन राहिला… कोणाच्या म्हणजे? आपल्याच. कॉन्टेसाच्या.”

फुलचूरच्या आपल्या अंगणात देवीदासभाऊ गोणपाटावर उताणे पडले होते. मान वाकडी करून मोबाईल खांद्यात दाबला होता आणि दोन्ही हात वर, स्प्रिंगशी होते. गेला पंधरवडा अंजनाबाई नवऱ्याला जेवायला बोलवायचं झालं की घरात हाक न मारता थेट चाकापाशी वाकत. फोन देवरीहून धाकट्या बहिणीचा होता. तिच्या रीनाचं लग्न रविवारी, आणि देवरीहून कामठ्याला, नवरदेवाच्या घरी, रीनाला याच गाडीतून न्यायचं हा शब्द मामानं ती दहावी पास झाली तेव्हाच देऊन ठेवला होता.

“ऐक ना वं, तू बरी सापडली. एक काम कर. घरातलं लाटणं घे अन् बाहेर ये… कोणाले मारायचं नाही! तुमच्या गल्लीच्या तोंडाशी ब्रेकर आहे ना, तो मोजायचा आहे… आत्ता. हाव, आत्ताच… तुले काय सांगायचं आहे ते चालता चालता सांग… नाही, मंग पोचल्यावर सांग. आधी लाटणं घे.”

वाट पाहताना त्यांनी एक नट आवळून घेतला.

“…पोचली? आता लाटणं त्याच्यापाशी उभं धर. कुठपर्यंत येते ब्रेकर?… पूर्ण? अवं, ब्रेकर आहे का ओटा? नीट धर, रस्त्यावर टेकव… लोक पाहून राहिले तं पाहू दे. सांग त्याईले, लग्नघर आहे… अर्ध्याच्या वर. किती वर?… दोन बोटं. तुझी ना? चालते. राजदीप! अर्धं लाटणं अन् दोन बोटं!”

राजदीप म्हणजे त्यांचा मुलगा. बँकेत कारकून होता, आणि गाडीच्या पलीकडे टेप घेऊन बसला होता. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि आईचं लाटणं मोजून त्याचे इंच काढू लागला.

“…अल्का, तुझं लाटणं अंजनाच्या लाटण्याएवढंच आहे ना?… मोठं आहे. असणारच. राजदीप, थोडं वाढवून धर!… नाही, त्याले सांगून राहिलो. त्याचं वेगळंच चालू आहे. तो म्हणते, ही मसल कार आहे… मसल. दंड. दंडवाली गाडी… हाव, कॉम्प्युटरवर पाहून आला अमेरिकेतल्या गाड्यांचे फोटो. त्या म्हणे समोरून दबलेल्या अन् मागून उचललेल्या असतात. त्याले स्टान्स म्हणतात… स्टान्स म्हणजे उभं राहण्याची पद्धत समज. आपण रेशनच्या लाइनीत उभे राहतो तशी नाही. ऐटीत… कापायले निघाला होता समोरच्या स्प्रिंगचा एक वेढा! मी म्हटलं, बेटा, समोरून दाबली तं चेंबर लागते… अवं, इंजिनखाली तेलाचा डबा असते, त्याले चेंबर म्हणतात. तो फुटला की ऐट तेलासंगं रस्त्यावर… ऐकलं ना. ऐकते तो. आता समोरून एक बोट वाकलेली राहील. तेवढं त्याच्या मनासाठी.”

देवीदासभाऊ सरकत सरकत बाहेर आले, पाठीची माती झटकली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. गाडी जॅकवर होती. खिडकीतून आत पाहिलं तर प्रत्येक सीटवर धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, शिस्तीत बसलेले दिसत होते.

“…मागचे? मागचे स्प्रिंग नवेच टाकले. जुने पार बसले होते. बसणारच, आधीचा मालक राईस मिलवाला. या गाडीत माणसापेक्षा तांदूळ जास्त हिंडला… अन् खाली रबराचे गुटके लावले, ठोकळे समज, उंची मिळायले. पण खरी गोष्ट सांगतो तुले. यावेळी रिकामी गाडी मोजूनच नाही राहिलो. सीटवर धानाचे कट्टे ठेवले, माणसाच्या हिशेबानं. एक कट्टा चाळीस किलोचा. समोर मी अन् अंजना. मागं नवरी सव्वा कट्टा, नवरदेव दीड. अन् तू म्हटलं होतं ना, हायवेपर्यंत पोचवायले बसतो म्हणून. तुझे दोन.”

यावर फोनमधून जे काही आलं त्यानं देवीदासभाऊंनी मोबाईल कानापासून वीतभर लांब धरला, आणि शांत झाल्यावर परत लावला.

“…अवं, मी कुठी जाडी म्हटलं! मी स्प्रिंगच्या बाजूनं बोलून राहिलो… बरं, पावणेदोन… पाह्य अल्का, तुझं मन राखाले मी दीड धरला अन् ब्रेकरवर तू दोनची निघाली, तं गाडीले काय सांगू?… मोजलं होतं? कधी मोजलं होतं?… दवाखान्यात. कोणत्या साली?… रीनाच्या वेळी! अवं, रीनाचं आता लग्न आहे!… बरं बाई, पावणेदोन. राजदीप, आत्याचा पाव कट्टा काढ… नाही, नको काढू. राहू दे… त्याले काही नाही सांगितलं वं, तू बोल.”

राजदीपनं जॅक सोडला. गाडी सुस्कारा टाकत चाकांवर आली आणि तो लगेच टेप घेऊन मडगार्डाशी वाकला.

“थांब, थांब! लगेच मोजू नको… तुले नाही, राजदीपले. आधी मागंपुढं ढकल गाडी दोन-चार हात, मंग मोज… नाही अल्का, जॅकवरून उतरली की कोणतीही गाडी उंचच दिसते. पाहुण्यासारखं आहे ते. आल्या आल्या ताठ, अन् जेवण झालं की खरी उंची समजते… थांब, मी बोनेटवर बसून हलवतो जरा.”

ते बोनेटवर टेकले आणि दोन्ही पायांनी जमिनीला रेटा देत गाडीला वर-खाली झुलवू लागले. एसटीची तीस वर्षं ड्रायव्हरी केलेला माणूस निवृत्तीनंतर स्वतःच्याच गाडीच्या नाकावर बसून झोके घेतो आहे, हे शेजारच्या गच्चीवरून दोघांनी पाहिलं. त्यांना सवय होती.

“…हाव, काय सांगायचं होतं तुले? कधीची सांगायचं आहे, सांगायचं आहे करून राहिली. बोल… हाव… हाव… कोणती?… स्कॉर्पिओ.”

झोका थांबला.

“…नाही नाही, ऐकून राहिलो. कामठ्याहून पाठवून राहिले… नवरदेवाच्या वडलाईनं ठरवलं… नवी आहे. बरं… पांढरी. बरं… फुलं तेच लावतील. बरं.”

एसटीच्या तीस वर्षांत प्रवाशांनी देवीदासभाऊंना पुष्कळ ऐकवलं होतं. गाडी उशिरा का, इथे का नाही थांबली, तिथे का थांबली. पण तुम्ही गाडी आणूच नका, असं कुणी म्हटलं नव्हतं.

“…पण काऊन? नाराज नाही वं मी, विचारून राहिलो फक्त… सीडी? कोणती सीडी?… अश्विनच्या लग्नाची? ती कायले दाखवली त्याईले!… बैठकीले आले होते, टीव्ही चालू होता. वा. अन् पूर्ण पाहिली?… ब्रेकरचंही? ते शूटिंगवाल्यानं अजून कापलं नाही?… गाणं टाकलं त्याच्यावर. वा, वा.”

अश्विन हा रीनाचा थोरला भाऊ. त्याच्या वरातीत हीच कॉन्टेसा नऊ माणसं घेऊन याच ब्रेकरवर पोट टेकून बसली होती. नवरदेव उतरला, करवल्या उतरल्या, बँडवाल्यांना वाटलं इथेच नाचायचं आहे. शेवटी वऱ्हाडानं गाडी उचलली, आणि नेमक्या त्या जागी शूटिंगवाल्यानं स्लो मोशन घातलं होतं.

“…अवं, सकाळी रिकामी निघाली होती ना त्याच ब्रेकरवरून! नऊ जण चढले त्याले गाडी काय करल? तुझी सासू पकडून नऊ… नाही, आता त्याईचं नाव कायले काढू. बऱ्या माणूस होत्या… हाव… हाव, समजलं मले. त्याईले वाटते, आपली सून अशी रस्त्यात… बरोबरच आहे. मी असतो तं मीही तेच म्हटलं असतं.”

मग बराच वेळ अल्काबाईच बोलत होत्या. देवीदासभाऊ बोनेटवरची धूळ तळहातानं पुसत राहिले. जिथे पुसून झाली होती तिथेही पुसत राहिले.

“…तू कायले रडून राहिली? पोरीची सासरची माणसं आहेत, त्याईचं मन राखावं लागते… स्कॉर्पिओ चांगली गाडी आहे. उंच आहे. ब्रेकर आला हे तिले समजतही नाही… मी? मी येईन ना. एसटीनं येतो… टोमणा नाही वं! देवरीची एसटी आपलीच आहे, कितीक वर्षं नेली मी… अंजनालेही आणतो. आम्ही दोघं बरोबर पोचतो सकाळी.”

राजदीपला फोनची एकच बाजू ऐकू येत होती. पण वडील ‘एसटीनं येतो’ म्हणाले तेव्हा त्याला दुसरीही ऐकू आली. त्यानं टेप गुंडाळून खिशात टाकला आणि मागचं दार उघडून एका कट्ट्याला हात घातला.

देवीदासभाऊंनी बोट हलवून त्याला थांबवलं.

“…एक विचारू अल्का? रीना काय म्हणते?… नाही, तू काय म्हणते ते समजलं. कामठ्याचे काय म्हणतात तेही समजलं. पोरगी काय म्हणते?… विचारलंच नाही?… अवं, सीडी पाहणाऱ्याईचं मत झालं, ब्रेकरचं माप झालं, अन् जिले बसायचं आहे तिलेच नाही विचारलं!… मंग विचार ना. कुठी आहे ती?… तुझ्या मागंच? कधीपासून उभी आहे?… लाटणं वापस न्यायले आली! दे, दे तिले फोन.”

ते बोनेटवरून उतरले आणि सरळ उभे राहिले, जणू भाची समोरच आली होती.

“…बोल बेटा. जय भीम… ऐकलं मी, तुझ्या आईनं सांगितलं. चांगलंच आहे… मामाले कायचा राग? अजिबात नाही… नाही बेटा, असं नाही करायचं. सासरचे लोक आहेत, पहिल्याच दिवशी कायले… काय केलं?… फोन केला? कोणाले?… सासऱ्याले! कधी?… आत्ता? आई ब्रेकर मोजून राहिली होती तेव्हा?… अश्विनच्या मोबाईलवरून. अन् तो पोट्टा देऊन मोकळा झाला! बरं, काय म्हटलं तू त्याईले?”

राजदीप कट्टा सोडून जवळ आला.

“…थांब, परत सांग. ‘मी मामाच्या गाडीतच बसन… अन् फसली तं… मी उतरून धक्का मारीन.’ असं म्हटलं?… सासऱ्याले?… अवं पोरी, पांढऱ्या साडीत धक्का मारशील? माझ्या गाडीचा धूर पाहिला का तू?… मंग? मंग काय म्हणाले ते?… हसले. हसले म्हणजे कसे? चांगले हसले की तसे हसले?… बरं… बरं… म्हणजे स्कॉर्पिओही येईल, पण मागून. रिकामी?… धक्क्याची माणसं भरून! हा, हा… म्हणजे पूर्ण विश्वास नाही ठेवला माणसानं. हुशार आहे तुझा सासरा. जमल आमचं.”

त्यांनी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. त्यांच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नव्हता. फक्त मोकळा हात उगीचच गाडीच्या टपावर दोन-तीनदा थोपटून आला.

“…तुझी आई काय करून राहिली?… लाटणं धरून ब्रेकरवर बसली. बसू दे, तिले थोडा वेळ लागल… अन् नवरदेव? त्याले चालते ना? का तुम्ही दोघांनीच, तू अन् सासऱ्यानंच, ठरवून टाकलं?… खूश आहे? त्याले गाडी पसंत आहे? पण त्यानं पाहिली कुठी?… सीडीतच. दोनदा! वा बेटा, वा… बरं, एक गोष्ट खरी सांग मले, आईसारखं नको करू. त्याचं वजन किती असल?… कामासाठी विचारून राहिलो. मी दीड कट्टा धरला आहे… फोटोवरून धरला. तो पासपोर्ट साईजचा होता ना, त्याच्यात माणूस गळ्यापर्यंतच येते… सांग ना, लाजू नको… किती?… परत सांग.”

देवीदासभाऊंनी गाडीकडे पाहिलं. समोरून एक बोट वाकलेली, मागून ताठ, पंधरवड्याच्या कष्टांनी अगदी हवी त्या उंचीवर आलेली कॉन्टेसा दुपारच्या उन्हात ऐटीत उभी होती.

“…अडीच कट्टे… नाही नाही, वाईट काय त्याच्यात! खाऊनपिऊन सुखी घरचा आहे, आनंद आहे… तो कोणत्या बाजूले बसल ते मले आजच कळव. डावीकडे की उजवीकडे. विचारून घे त्याले… नाही बेटा, रविवारपर्यंत होते. होते म्हणजे होते. तू फक्त तयार राह्य, मामा गाडी घेऊन येऊन राहिला… हाव. हाव. तुझ्या आईले घरात ने. अन् ठेव आता फोन, काम वाढवून ठेवलं तुम्ही दोघांनी माझं… राजदीप! जॅक लाव परत!”