बिलातले दहा पलंगपोस

मंडळी, जरा पुढे सरकून बसा, मागच्यांनाही जागा होऊ दे. मी एकच विचारतो — हातून चूक झाली, तर ते पाप का? नाही म्हणता? बरं. मग ती चूक कळली, आणि आपण गप्प बसलो तर? — आता का हो सगळे गप्प?

बार्शीत गिरिजा शेटे नावाची बाई. पडवीत तीन शिलाई यंत्रं, तीन बायका हाताखाली, आणि एका धर्मादाय रुग्णालयाचे पलंगपोस शिवायचं काम. शिवण अशी, की बोट ठेवायला जागा नाही. पण बिल करायचं म्हटलं की कंटाळा! मागच्या महिन्याचं बिल कॉम्प्युटरवर उघडायचं, तारीख बदलायची — झालं नवं बिल. हसू नका, तुमच्यातले दुकानदार कोण, ते इथून दिसतंय मला.

एकदा तारीख बदलली, आकडा तसाच राहिला. माल गेला सत्तर, बिल गेलं ऐंशीचं. रुग्णालयाने पैसेही दिले.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, दारात लवटेमामा. रुग्णालयाचं भांडार सांभाळणारे. नोकरीचे पाच महिने उरलेले.

"ताई, माल पोचल्याच्या पावतीची तुमच्याकडची प्रत मिळेल का? आमची सापडत नाही. भांडारात दहा पलंगपोस कमी भरतायत. माझ्याकडून चावी काढून घेतलीय. उद्या चौकशी आहे."

"तुम्ही मोजून घेतले होते ना मामा?"

"घेतले होते असं वाटतं. पण बिलात ऐंशी बघितल्यापासून माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

गिरिजाबाईने फाईल उघडली. पावती वरच होती. सत्तर. खाली मामांची सही. खरं सांगावं, तर सगळे म्हणणार, बाईने मुद्दाम लुबाडलं. काम गेलं, तर या तिघी खाणार काय? तिने फाईल मिटली.

"दिसत नाहीये मामा. शोधून ठेवते."

"बरं," म्हणाले. पाणीसुद्धा न पिता उन्हात चालू लागले.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावायला बसली, तर काडी तीनदा विझली. फाटकाची कडी वाजली की दचकायची — मामाच परत आले की काय?

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ती रुग्णालयाच्या कचेरीत. बाकाच्या टोकाला मामा बसलेले. तिने पावती विश्वस्तांपुढे ठेवली. माल सत्तरच दिला होता, म्हणाली.

"मग ऐंशीचं बिल मुद्दाम केलंत?" त्यांनी विचारलं.

"बिल चुकून झालं, साहेब. पण काल मामा घरी आले, तेव्हा ही पावती माझ्या हातात होती. तरी मी सापडत नाही म्हणाले. ते मुद्दाम."

दहांचे पैसे तिने परत केले, सुधारून नवं बिल दिलं. मामांना चावी मिळाली. हिचं काम मात्र सहा महिने बंद झालं. एक यंत्र विकावं लागलं. आता प्रत्येक बिल पावती शेजारी ठेवून, कोऱ्यापासून करते, आणि हाताखालच्या एकीकडून आकडे वाचून घेते.

त्या दिवशी बाहेर पडताना मामा थांबले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, मी घरी बसून आठवत होतो — ते दहा मी कुणाला दिले असतील."

ऐकलंत? चांगला माणूस स्वतःलाच चोर समजायला लागला, मंडळी! एका आकड्यापायी!

आता तुमचं सांगा. कपाटात, गल्ल्याखाली, अशी कुठली फाईल मिटून ठेवलीत? मला नका सांगू. तिच्यात ज्याचं नाव अडकलंय, त्याच्या दारी जा. मग या इथे, आणि वाजवा टाळी. त्याआधीची टाळी पांडुरंगाला ऐकू जात नाही.