उघडं ठेवलेलं कलम

बसा, चहा निवतोय. कोळवणात एक होती मी, एक माझी सून सुमन, आन् एक माझी सासू, पण ती मरून गेलेली. बंगल्याची बाग मी आन् सुमन राखायचो. मालक बोललेला, "आजी, औंदा थंडीनं कलमं करपली तर मी दुसरी माणसं बघतो." म्हणून रोज सांजेला आमी आंब्याच्या कलमांवर जुन्या साड्या घालायचो. एकदा साडी कमी पडली आन् विहिरीकडचं कलम उघडं राहिलं. मी थट्टेनं म्हनले, "सासूबाई, हे तुमच्याकडं."

सकाळी धुक्यात बघते तर त्या कलमावर लुगडं.

सुमन म्हनली, "आत्या, तुमी घातलं व्हय?"

"मला वाटलं तू घातलंस."

जवळ गेले. त्याला लाल ठिगळ होतं, मीच लावलेलं. तेच लुगडं नेसवून आमी म्हातारीला सरणावर ठेवलेली. हात लावायची छाती झाली न्हाई. धुकं विरलं तवा लुगडं नव्हतं. सगळी बाग दवानं भिजलेली, तेवढं कलम कोरडं.

त्या थंडीत एक पान करपलं न्हाई. मालकानं आमाला कायमचं ठेवलं, ऱ्हायला खोली दिली. आता सुमन रोज सांजेला एक कलम मुद्दाम उघडं ठेवते. म्हनते, "थोरल्या आत्यांना रिकामं बसवत न्हाई."